दोन टिटव्या : खानदेशातील पाणकाठच्या पक्ष्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाला केळीच्या बागा, कापूस, वांग्याचे भरीत आणि उन्हाळा आठवतो. पक्षी पाहायला इथे यावे असे सहसा कोणाला सुचत नाही. त्यासाठी लोक भरतपूरला जातात, भिगवणला जातात, फार तर नांदूर मधमेश्वरला जातात. प्रत्यक्षात सातपुडा आणि अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा यांच्यामध्ये पसरलेल्या तापीच्या खोऱ्यात पाणकाठच्या पक्ष्यांना जागेची वाण नाही. भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूरचे धरण आहे आणि त्याचा फुगवटा तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत, चांगदेवापर्यंत पसरतो. जळगाव शहराला मेहरूणचा तलाव लागून आहे, धुळ्याला नकाणे आणि डेडरगावचे तलाव आहेत, शिरपूर तालुक्यात अनेर धरण आहे. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, बुराई या नद्या उन्हाळ्यात डबक्याडबक्यांनी उरतात, आणि ती डबकीही रिकामी नसतात. या सगळ्या पाण्याच्या मधोमध मैलोन्मैल कोरडे माळ आहेत. पाणी आणि माळ यांचे हे सान्निध्य पुढच्या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी आहे, म्हणून वाचकांनी ते आरंभीच लक्षात घ्यावे.

पाणकाठच्या पक्ष्यांचा अभ्यास मराठीत म्हणावा तितका रुजलेला नाही आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हिवाळ्यात धरणाची पातळी उतरली की काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. त्या चिखलात चोच खुपसत फिरणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुतेक करड्या-तपकिरी रंगाचे, लांब पायांचे आणि एकसारखे लगबगीचे दिसतात. तुतारी कोणती, चिखल्या कोणता, टिलवा कोणता हे पुस्तकातले चित्र पाहूनही उमगत नाही. चित्रातला पक्षी जवळ आणि स्थिर असतो. समोरचा दूर असतो, पाठमोरा असतो आणि ओळख पटण्याआधी उडून जातो. उत्साहाने आलेला नवखा निरीक्षक इथे थबकतो आणि करकोचे, बगळे, रोहित अशा ठसठशीत पक्ष्यांकडे वळतो. त्याला दोष देता येत नाही. पण लहान पाणपक्ष्यांत निरखण्यासारखे इतके काही आहे की तेवढ्यासाठी थोडी चिकाटी धरावी, आणि ती धरणे सोपे व्हावे असा एक मार्गही आहे. एकाच कुळातले, एकमेकांच्या अगदी जवळचे असे दोन पक्षी निवडायचे आणि वर्षभर त्यांचीच तुलना करायची.

दोन पक्षी फार वेगळे असले तर तुलनेतून हाती काही लागत नाही. कावळा आणि बगळा ओळखायला नजर कमवावी लागत नाही. जवळचे दोन पक्षी समोर असले की मात्र नजर आपोआप चोचीच्या बुडाकडे, छातीवरच्या रेघेकडे, पायाच्या बोटांकडे जाते. ही सवय एकदा जडली की पुढे कुठलाही पक्षी पाहताना ती उपयोगी पडते. शिवाय फरक दिसला की पाठोपाठ प्रश्न येतो, हा फरक का पडला? त्या प्रश्नाशी पोचलेला वाचक अभ्यासक झालाच म्हणायचा.

खानदेशात अशी जोडी शोधायला दुर्बिणीचीही गरज नाही. ताम्रमुखी टिटवी आणि माळटिटवी या दोघी इथल्या कायमच्या रहिवासी आहेत. बाराही महिने दिसतात, मोकळ्या जागी वावरतात, आणि त्यांचे ओरडणे तर ज्याने कधी पक्षी पाहिला नाही त्यानेही ऐकलेले असते. माळटिटवीला पीतमुखी टिटवी असेही म्हणतात. दोघी व्हॅनेलस या एकाच प्रजातीतल्या. ताम्रमुखी ती व्हॅनेलस इंडिकस आणि माळटिटवी ती व्हॅनेलस मलबारिकस. दोघींना शास्त्रीय नाव देणारा माणूस एकच, पीटर बोडार्ट हा डच वैद्य, आणि वर्षही एकच, 1783. फ्रान्समध्ये छापलेल्या रंगीत चित्रांच्या आधारे त्याने ही नावे ठेवली. त्यांतले एक चित्र गोव्याच्या टिटवीचे होते, दुसरे मलबार किनाऱ्यावरच्या. म्हणजे शास्त्राच्या दप्तरात ताम्रमुखी टिटवीचा मूळ पत्ता गोवा असा लागलेला आहे. पुढे तिचा विस्तार पश्चिम आशियापासून आग्नेय आशियापर्यंत असल्याचे स्पष्ट झाले. माळटिटवीचे तसे नाही. ती भारतीय उपखंडाचीच आहे, आणि या अर्थाने ती आपली अधिक जवळची.

आता दोघींकडे नीट पाहू. ताम्रमुखी टिटवी लांबीला सुमारे 33 सेंटिमीटर असते. डोके, गळा आणि छाती काळीभोर. डोळ्यामागून निघालेला पांढरा पट्टा मानेच्या कडेने उतरत पोटाच्या पांढऱ्या रंगाला मिळतो. पाठ तपकिरी, उन्हात किंचित तांबूस-हिरवट चमकणारी. चोच लाल आणि टोकाला काळी, डोळ्यापुढे लाल मांसल पाळी. माळटिटवी तिच्याहून बेताची, सुमारे 27 सेंटिमीटर. पाठ, मान आणि छाती वाळल्या गवताच्या रंगाची. डोक्यावर काळी टोपी आणि टोपीच्या कडेने पांढरी किनार. छातीचा तपकिरी रंग जिथे संपतो तिथे एक बारीक काळी रेघ, तिच्याखाली पांढरे पोट. चोच काळपट, आणि चोचीच्या बुडापासून डोळ्यापुढे लोंबणारी पिवळीधमक पाळी.

नवख्या वाचकांनी इथे एक काळजी घ्यावी. दोघींचेही पाय पिवळे असतात. 'पिवळी टिटवी' शोधायला निघालेला माणूस पिवळे पाय दिसताच ताम्रमुखीला माळटिटवी ठरवून मोकळा होतो, असे बरेचदा घडते. पाय सोडून आधी छाती पाहावी. छाती काळी असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. पायांकडे पाहायचेच असेल तर मागच्या बाजूला पाहावे. ताम्रमुखीला मागे एक लहानसे बोट असते, माळटिटवीला ते नसते. हा फरक दिसायला चांगली दुर्बीण आणि बराच संयम लागतो, पण एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना तो इतका महत्त्वाचा वाटला होता की त्यांनी या दोघींना निरनिराळ्या प्रजातींत घातले होते. आज त्या पुन्हा एकत्र आहेत.

उडताना मात्र दोघी एकमेकींच्या फार जवळ येतात. दोघींच्या पंखांवर काळ्याच्या जोडीला रुंद पांढरा पट्टा, दोघींची शेपटी पांढरी आणि तिच्यावर काळी पट्टी. लांबून, उन्हाच्या विरुद्ध बाजूने उडालेली टिटवी कोणती हे केवळ डोळ्यांनी सांगणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. तिथे कान कामी येतो. ताम्रमुखीचे 'टिटीटिव, टिटीटिव' हे खणखणीत ओरडणे सर्वांच्या परिचयाचे आहे. इंग्रजांना त्यात आपल्या भाषेतला एक प्रश्न ऐकू आला आणि त्यांच्या पुस्तकांत तो कायमचा बसला. माळटिटवीचा आवाज अधिक बारीक आणि तुटक, 'टी-ई, टी-ई' असा, आणि घाबरली तर त्यालाच जोडून भराभर येणारे कडक सूर. ती ताम्रमुखीइतकी कलकलाट करत नाही. एक सकाळ डोळे मिटून दोघींचे आवाज ऐकावेत. त्या सकाळचा उपयोग पुढे अनेक वर्षे होतो.

रूप आणि आवाज यांनंतर जागा. ताम्रमुखी टिटवी पाण्यापासून फार दूर जात नाही. नदीचा काठ, धरणाची गाळपेर, पाटाच्या कडेची ओल, भिजवलेला गहू-हरभरा, केळीच्या बागेचा बांध अशा ठिकाणी ती हमखास भेटते. माणसाची वर्दळ तिला चालते. शहरातल्या मोकळ्या भूखंडावर, रेल्वेच्या रुळांमधल्या खडीत, इतकेच काय पण खडी पसरलेल्या सपाट छतावरही ती अंडी घालते. माळटिटवीला पाण्याचे इतके अगत्य नाही. मुरमाड माळ, गायरान, चरून बोडके झालेले कुरण, कापणीनंतरचे उघडे शेत ही तिची जागा. धुळ्याजवळचे लळिंगचे कुरण, साक्री आणि शिंदखेडा तालुक्यांतले खडकाळ माळ, जळगावच्या आसपासच्या बरड टेकड्या या मुलखाकडे पक्षी पाहणारे पाठ फिरवतात, कारण तिथे पाणी नाही आणि झाडीही नाही. माळटिटवी पाहायची तर तिथेच जावे लागते.

तिचे चरणे निरखण्यासारखे आहे. चार-सहा पावले झरझर धावते, अचानक थांबते, क्षणभर ताठ उभी राहते आणि मग सगळे अंग पुढे कलवून जमिनीवरचा किडा टिपते. वाळवी, मुंग्या, भुंगेरे हे तिचे अन्न. थांबली की तिचा तपकिरी रंग मुरमात इतका मिसळतो की नजर तिच्यावर असूनही ती हरवते, आणि पुन्हा धावली की सापडते. ताम्रमुखीचे चरणेही असेच धावत-थांबत चालते, पण तिच्या काळ्या-पांढऱ्या रंगामुळे ती सहज नजरेतून सुटत नाही. ताम्रमुखी रात्रीही चरते, चांदण्यात विशेष. रात्री खेड्यात ऐकू येणारी टिटवी ती बहुधा हीच.

या तुलनेचा सर्वांत मोठा भाग वैशाखातला आहे. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जातो. जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षाही तापतो. अशा दिवसांत, सावलीचा लवलेश नसलेल्या उघड्या जमिनीवर दोन्ही टिटव्यांची अंडी असतात. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, कडेने मांडलेले खडे, मुरमाचे तुकडे किंवा वाळल्या लेंड्या. अंडी बहुधा चार, निमुळती टोके आत वळवून ठेवलेली. ताम्रमुखीचे अंडे सुमारे 42 मिलिमीटर लांब, करड्या-तपकिरी रंगावर काळपट डागांचे. माळटिटवीचे सुमारे 36 मिलिमीटर आणि जरा फिकट. दोन पावलांवर उभे राहूनही ती दिसत नाहीत.

या उन्हात अंडी उबवण्याचा प्रश्नच नसतो, ती थंड राखावी लागतात. नर आणि मादी पाळीपाळीने अंड्यांवर सावली धरून उभे राहतात किंवा बसतात. यातला एक प्रसंग वाचकांनी जमेल तेव्हा अवश्य पाहावा. दुपारी पाण्याकाठी एक टिटवी येते. पाणी पिऊन निघून जाण्याऐवजी ती उथळ पाण्यात शिरते, पाय दुमडून खाली बसते, पोटाची पिसे पाण्यात बुडवून अंग हलवते, थोडी थांबते, पुन्हा तेच करते. मग ओल्या पोटाने घरट्याकडे जाते. तिथे बसलेला जोडीदार उठून बाजूला होतो आणि ही ओली पिसे अंड्यांवर टेकवून बसते. पिल्ले बाहेर आल्यावर तीही या ओल्या पिसांखाली येतात. पाण्याजवळ राहणाऱ्या ताम्रमुखीसाठी हे पाणी हाकेच्या अंतरावर असते. माळटिटवीला त्याच कामासाठी माळ ओलांडून जावे लागते, आणि तरीही ती हे करते. एका सवयीची किंमत दोन जागी किती निराळी पडते हे इथे उघड दिसते.

मग माळटिटवी वर्षातल्या सर्वांत कठीण दिवसांत अंडी घालतेच का? ताम्रमुखीचा विणीचा काळ मार्चपासून पावसाळ्यात ऑगस्टपर्यंत लांबतो. माळटिटवीची वीण मुख्यतः कोरड्या दिवसांतली. पाऊस पडला की माळावर गवत वाढते, आणि उघड्या जमिनीवर चारी बाजूंनी नजर ठेवणाऱ्या या पक्ष्याला उंच गवत गैरसोयीचे असणार. शिवाय पहिल्या पावसाने किड्यांचा सुकाळ होतो आणि तोवर पिल्ले हिंडतीफिरती झालेली असतात. 1965 साली सुरेश जयकर आणि हेलन स्परवे यांनी याच पक्ष्यावर, कोरड्या ऋतूत वीण करणारा उष्ण प्रदेशातला पक्षी म्हणून, सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन इंग्लंड सोडून भारतात आले त्यानंतर त्यांच्याभोवती जमलेल्या गटातले हे दोघे. महागड्या उपकरणांशिवाय भारतात अव्वल दर्जाचे जीवशास्त्र करता येते असे हाल्डेन आग्रहाने सांगत, आणि घड्याळ, वही व तासन्‌तास बसण्याची तयारी यांवर उभे राहिलेले टिटवीचे हे काम त्या म्हणण्याला शोभणारे होते. वाचकांच्या हातीही तेवढीच साधने आहेत.

टिटवीबद्दल आपल्याकडे समजुती खूप. रात्री तिचे ओरडणे अशुभ मानतात. ती पाय वर करून झोपते आणि आभाळ पेलते असे सांगतात. पंचतंत्रात ती समुद्राशी वैर धरते, आणि 'टिटवीदेखील समुद्र आटविते' ही म्हण आपण वापरतो. सुगरणीचा खोपा बहिणाबाईंमुळे घरोघरी पोचला. टिटवीच्या वाट्याला तसा लौकिक आला नाही, बिचारीकडे भीतीच जास्त आली. शेतकऱ्यांचा पावसाचा अंदाज मात्र गांभीर्याने घेण्यासारखा आहे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर कमी, असा समज अनेक गावांत आहे. अंडी चार म्हणजे पाऊस चार महिने असेही म्हणतात. चार ही तिच्या अंड्यांची नेहमीचीच संख्या असल्याने दुसरा आडाखा टिकत नाही. पहिला तपासता येतो. घरटी कोणत्या उंचीवर सापडली आणि त्या साली पाऊस किती झाला याची दहा-पंधरा वर्षांची नोंद एखाद्या तालुक्यातून झाली तर या प्रश्नाचा निकाल लागेल. अशी नोंद खानदेशातल्या एखाद्या शाळेने केली तर ते मोलाचे काम होईल.

या भागाला पक्षी-अभ्यासाची परंपरा नाही असेही कोणी समजू नये. ए. ओ. ह्यूम, ज्यांना आपण काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून ओळखतो, ते 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षीविषयक नियतकालिक चालवीत. जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी खानदेशात असताना त्यांनी पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी तयार केली आणि ती 1882 साली त्यात प्रसिद्ध झाली. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे 1906 मध्ये झाले. पुढे तेच जळगाव आणि धुळे. डेव्हिडसन यांनी इथून जमा केलेल्या नमुन्यांत वनपिंगळा होता. 1884 नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज संग्राहकाने संग्रहालयातून जुना नमुना चोरून त्यावर गुजरातचे खोटे ठिकाण लिहिले, आणि अभ्यासक चुकीच्या जागी शोधत राहिले. खोटा कागद बाजूला ठेवून पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी मूळ ठिकाणांकडे वळले तेव्हा 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ वनपिंगळा पुन्हा सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, आता ते नंदुरबारमध्ये आहे. ही हकिगत टिटवीची नाही, पण स्थळ आणि तारीख प्रामाणिकपणे लिहिण्याला किती अर्थ असतो हे तिच्याइतके दुसरे काही सांगत नाही, म्हणून ती इथे दिली.

तेव्हा वहीत काय लिहावे? तारीख, वेळ, गाव आणि शिवार. टिटवी कोणती आणि किती. जमीन कशी होती, म्हणजे ओली, गाळपेर, पेरलेली, पडीक, मुरमाड. जवळचे पाणी किती लांब. पक्षी काय करत होता. 'टिटवी दिसली' या नोंदीचा उपयोग नाही. 'नांगरलेल्या काळ्या रानात दोन ताम्रमुखी, शंभर पावलांवर पाटाचे पाणी' या नोंदीचा आहे. सूर्य पाठीशी ठेवून पाहावे, सकाळी नऊच्या आत काम आटोपावे. आठ बाय चाळीसची साधी दुर्बीण पुरते. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' जवळ ठेवावा. मराठी नावांसाठी त्याच्याइतका आधार दुसरा नाही. ईबर्डसारख्या संकेतस्थळावर नोंद घालणार असाल तरी वही सोडू नये, कारण जमिनीचे वर्णन वहीतच नीट होते.

घरट्याच्या बाबतीत आपण फार सांभाळून वागावे. टिटवी ओरडली याचा अर्थ तिने तुम्हाला पाहिले. डोक्यावर येऊन झेपावू लागली तर घरटे जवळ आहे. पंख मोडल्यासारखी जमिनीवर फरफटत दूर निघाली तर अंडी किंवा पिल्ले तुमच्या पायांशी असू शकतात. अशा वेळी आहे तिथे थांबावे, पायाखाली पाहावे आणि आलेल्या पावलांनी परत जावे. मे महिन्याच्या उन्हात मोठे पक्षी अंड्यांवरून उठलेले राहिले तर थोड्या वेळात अंडी निकामी होतात. घरट्याचा फोटो काढू नये आणि जागा जाहीर करू नये. कितीतरी शेतकरी नांगरताना टिटवीची अंडी दिसली की तेवढा तुकडा सोडून औत वळवून नेतात. त्यांच्याशी बोलावे. त्यांच्याजवळ असलेली माहिती अजून कोणत्याही पुस्तकात आलेली नाही.

वर्षभर दोन टिटव्या पाहून झाल्या की हिवाळ्यात पुढची जोडी घ्यावी, हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी. या दोघीही सख्ख्या म्हणाव्यात अशा, दोघींना 1758 साली लिनीयसने नावे दिलेली. हिरवी ऑगस्टमध्येच येऊन पोचते, बहुधा एकटी असते, ओढ्याचे डबके किंवा पाटाची चारी तिला पुरते. उडाली की पंखांची खालची बाजू काळी दिसते. ठिपकेवाली थव्यात राहते, पंखांखाली फिकट असते, आणि तिची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते. हिरवीची डोळ्यापाशीच संपते. आपल्या चिखलात दिवस काढणारी हिरवी तुतारी उत्तरेकडच्या अरण्यांत परत गेली की झाडावरच्या, दुसऱ्या पक्ष्यांनी सोडलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालते. त्यानंतर चिखल्यांकडे वळावे. टिटव्यांवर तयार झालेली नजर तिथे अडखळत नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहते, ती सांगायला हवी. दोन्ही टिटव्यांची गणना आज धोक्यातल्या पक्ष्यांत होत नाही. पण ताम्रमुखीने माणसाच्या पाटाशी, शेताशी आणि शहराशी जमवून घेतले आहे, तशी माळटिटवीला सोय नाही. तिचा माळ सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागतो, सरकारी भाषेत तो पडीक असतो, आणि पडीक जमिनीवर काहीही उभारता येते असे सगळे धरून चालतात. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. विजेची गरज खरी आहे, तिला विरोध करावा असे इथे म्हणायचे नाही. मात्र त्या जागी आधी काय राहत होते याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी होती. नदीकाठची स्थिती याहून बरी नाही. गिरणा आणि तापीच्या पात्रातला वाळूउपसा सर्वांना ठाऊक आहे, आणि कंठेरी चिखल्या त्याच वाळूत अंडी घालतो.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. 1987 पासून ती चालू आहे. नोव्हेंबरच्या 5 ते 12 तारखांना, म्हणजे चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. वाचकांनी या दोन्हींत जरूर भाग घ्यावा. पण पाणपक्षी गणना पाण्याकाठी होते. तिच्यात ताम्रमुखी मोजली जाते आणि माळावरची माळटिटवी बहुतांशी बाहेर राहते. म्हणून आपल्या गावाजवळचा एक पाणवठा आणि एक माळ निवडा, महिन्यातून एकदा दोन्हीकडे जा आणि दोन्ही टिटव्या मोजून लिहून ठेवा. मार्चमध्ये सुरुवात केली तर विणीचा पहिला हंगाम हाती लागेल. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या दहा-वीस माळांची अशी मोजणी पाच वर्षे झाली तर माळटिटवी खानदेशात टिकून आहे की हटत चालली आहे हे प्रथमच नेमके सांगता येईल. हे काम वाचकांनी हाती घ्यावे, एवढी विनंती आहे.